ओळख नसताना इतिहासाचे काम

संग्रहालयांत आणि दफ्तरखान्यांत कायम जागा क्वचितच निघतात, आणि मधली कंत्राटी कामे ओळखीपाळखीतूनच वाटली जातात. त्यामुळे ज्याच्या घरात कोणी प्राध्यापक वा संशोधक नाही, अशा साताऱ्यातील पदवीधराने सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न खराच आहे. आमचे घर वाणसामानाच्या दुकानावर चालायचे. एका संस्थेत काम मागायला गेलो, तेव्हा ‘कोणाकडून आलात?’ हाच पहिला प्रश्न आला. त्यावर सांगण्यासारखे मला काही मिळाले ते मोडी लिपीमुळे, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रे ज्या वळणदार लिपीत लिहिली जात तिच्यामुळे.

शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. अक्षरओळख लवकर होते. अडते ते पुढे, कारण शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते. कालगणनेचा घोळ वेगळाच. पत्रावर ‘छ’ या खुणेपुढे हिजरी महिन्यातील चंद्रतिथी असते, शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत चालणारी एक जुनी कालगणना) अरबी शब्दांत लिहिलेला असतो, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे तेव्हा इसवी सन हाती लागतो. एवढे सफाईने जमणारी माणसे थोडीच असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांतील जुन्या नोंदी वाचण्यासाठी मोडी जाणकारांची एकाएकी निकड भासली, आणि अशा वेळी शिफारशीपेक्षा वाचता येणे महत्त्वाचे ठरते.

साताऱ्याची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी येथे जमवलेला ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, त्यामुळे आपल्याच गावचे कागद पाहायला आपल्याला पुण्याची एसटी धरावी लागते. (याची खंत साताऱ्यात फारशी कोणाला दिसत नाही, याचे मला नवल वाटते.) तरीही सरावासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही, जुन्या घरांतल्या ट्रंकांत खरेदीखते आणि वाटणीपत्रे पडून असतात, आणि लिप्यंतर करून देतो म्हटले की मालक ती आनंदाने काढून देतात.

अशा एखाद्या कागदाचे छायाचित्र, ओळीस ओळ लावलेले लिप्यंतर आणि अर्थाचा छोटा परिच्छेद, एवढे पत्रासोबत जोडून, मालकाची परवानगी घेऊन, संस्थांना पाठवावे. कोऱ्या अर्जाला उत्तर येत नसे. अशा पत्रांना ते येऊ लागले, आणि पानामागे मोबदल्याचे पहिले काम त्यातूनच मिळाले. नमुन्यात जो शब्द लागला नाही, तिथे अंदाज न ठोकता जागा रिकामी सोडून प्रश्नचिन्ह टाकावे. दफ्तरात मुरलेला माणूस आधी तेच तपासतो.