हरिहरेश्वर ते गणपतीपुळे: कॅम्परव्हॅन रात्री लावायची कुठे?

बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा तीन फेरीबोटींतून गाडी नेत आम्ही हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्याला जातो. वाटेत गाडी लावावी अशा जागा पावलोपावली दिसतात. रात्र काढण्याजोग्या त्यातल्या थोड्याच. वाळूवरची जागा तर पहिल्याच फटक्यात बाद.

कारण भरती. तिची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दिवसा आणि रात्रीही. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या सुमारास येते, म्हणजे ऐन झोपेत, आणि तेव्हाच उधाण असतं. वाळूवर काटक्या-शेवाळाची रेघ दिसते ती मागच्या भरतीची हद्द. तिथी उधाणाकडे सरकत असेल तर पाणी तिच्याही वर चढतं. संध्याकाळी टणक लागणारी वाळू पाणी मुरलं की चाकाखालून सुटते. गाडी एकदा बसली की ॲक्सिलरेटर देऊ नका, चाक आणखी खोल जातं. थेट ट्रॅक्टर बोलवा.

आमची पहिली पसंती 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी असलेल्या घराच्या अंगणाला. उजेड असताना पोचावं आणि सरळ विचारावं: "काकू, खोली नको, गाडी आत लावतो, जेवण तुमच्याकडे, सकाळी न्हाणीघर वापरू. किती द्यायचे?" पैसे आधीच ठरलेले बरे. गुहागर-आंजर्ल्याच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं) आणि वर लोंबत्या वायरी, त्यामुळे आधी चालत जाऊन फाटक बघा. व्हॅनची उंची टपावरच्या सोलर पॅनेलसकट मोजून डॅशबोर्डवर चिकटवलेली असावी. माडाखाली मात्र कधीच नाही. नारळ चुकला तरी झावळी पडते, आणि पॅनेल फोडायला तीही पुरते.

पेट्रोल पंपावर मॅनेजरला विचारल्याशिवाय थांबू नका. जमिनीतल्या टाक्यांची झाकणं सोडून लांब लावा, रात्री टँकर तिथेच रिकामा होतो. शेगडी तिथे अजिबात पेटवायची नाही, तेव्हा जेवण आधीच उरकावं. देवस्थानाच्या वाहनतळावर पहारेकऱ्याला सांगितलं की बहुधा भागतं, पण काकड आरतीचा भोंगा झोपेतून उठवणारच. हर्णैसारख्या मासळी बंदरावर झोपेची आशाच नको.

उतारावर डोकं चढाच्या बाजूला येईल अशी गाडी वळवा. उरलेला फरक खालच्या चाकांखाली फळ्या घालून काढा. हँडब्रेक ओढूनही चाकाला दगड लावाच. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून जमिनीकडची खिडकी जाळीसकट उघडी हवी. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं जिवावर बेततं: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सकाळची फेरी धरताना पुन्हा तिथी बघा. ओहोटीला जेटीचा उतार लांब आणि तीव्र होतो, आणि लांब शेपटीच्या व्हॅनचा मागचा बंपर घासतो. अशा वेळी बोटीवरच्या माणसाच्या इशाऱ्यावर, अगदी हळू आणि जरा तिरकी चढवावी.