ट्राउटसाठी नवे फ्लाय रीळ घेतानाचा माझा अनुभव

ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी कोणते रीळ (गळाची दोरी गुंडाळायचे साधन) घ्यावे हे ठरवायला मला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ ते रीळ मुंबईत कुरियर कंपनीच्या गोदामात अडकून पडले, आणि त्या मनस्तापातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही. महाराष्ट्रातून हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंगला (कृत्रिम माशीच्या गळाने मासेमारीला) जाणाऱ्या कुणाला परदेशातून सामान मागवायचे असेल, तर त्याला हे आधी ठाऊक असावे, म्हणून लिहितो आहे.

१९०९ च्या सुमारास कुलूकडे ब्राउन ट्राउट आणून सोडला गेला आणि हिमाचलच्या थंड, वाहत्या पाण्यात तो चांगला रुजला. मात्र त्याच्यासाठी लागणारे हलके सामान आपल्याकडच्या दुकानांत आजही फारसे मिळत नाही. माझे आधीचे रीळ रॉडबरोबर संचात आलेले, साच्यात ओतलेल्या धातूचे होते. त्याचे स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळली जाते ते चाक, किंचित डगमगत असे आणि लीडरचे (लाइन या जाड दोरीच्या पुढे जोडलेल्या निमुळत्या धाग्याचे) बारीक टोक स्पूल व चौकट यांच्यामधल्या फटीत शिरून बसे. मासा लागलेला असताना असे झाले, तर बर्फाच्या पाण्याने बधिर झालेल्या बोटांनी ते टोक सोडवणे केवळ अशक्य होते.

नवे रीळ निवडताना मी ड्रॅगच्या (लाइन सुटताना तिला रोखणाऱ्या ब्रेकच्या) ताकदीकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. तीर्थनमधला बहुतेक ट्राउट आवरायला प्रचंड ड्रॅग लागत नाही. लागतो तो विनाझटका सुरू होणारा ड्रॅग. मासा प्रवाहात उसळी घेतो, तेव्हा थांबलेले स्पूल हलवण्यासाठी जो पहिला हिसका बसतो, तो सगळा टिपेटवर, म्हणजे गळाजवळच्या सर्वांत बारीक धाग्यावर, येतो, आणि पाच एक्स क्रमांकाच्या टिपेटची जाडी असते जेमतेम ०.००६ इंच. म्हणून ड्रॅग अगदी सैल ठेवून दोन बोटांनी लाइन हळूहळू ओढून पाहावी. ती अडखळत सुटली, तर रीळ कितीही महागाचे असले तरी ट्राउटसाठी घेऊ नये. प्रत्यक्ष हाताळायला मिळत नसेल, तर दुकानदाराला नेमका हाच प्रश्न लिहून विचारावा. जुन्या पद्धतीचे क्लिक-पॉल रीळ (दातेरी चाकावर खटका टेकवून रोखणारे) या पाण्यात चालते आणि नदीकाठी उघडून साफही करता येते, हे मान्य करूनही मी बंदिस्त डिस्क ड्रॅगचे (आतल्या चकतीच्या घर्षणाने रोखणारे) रीळ घेतले, कारण पावसाळ्याच्या आगेमागे तिथल्या पाण्यात बारीक रेती फार असते. स्पूलचा गाभा रुंद असावा. लाइन मोठ्या वेटोळ्यांत राहते, थंडीत कमी पिळते आणि लवकर गुंडाळली जाते. स्पूलची कड बाहेरून उघडी असली, तर तळहाताने दाबून मासा रोखता येतो, आणि ही सोय मला ड्रॅगच्या चकतीइतकीच महत्त्वाची वाटते.

इंग्लंडमधल्या एका दुकानातून खरेदी अगदी सुरळीत झाली. निर्यातीच्या मालावर तिथला २० टक्के व्हॅट लागत नाही, तेव्हा तो वजा झाला आहे ना, एवढे पाहावे.

खरा त्रास पार्सल मुंबईत उतरल्यावर सुरू झाला. कुरियर कंपनीकडून ‘आपले केवायसी प्रलंबित आहे’ असा संदेश आला. मी त्याच दिवशी आधार कार्ड पाठवले, तरी दुसऱ्या दिवशी तोच संदेश पुन्हा आला. माझ्या आधारवर कोल्हापूरचा पत्ता आहे आणि पार्सल पुण्याच्या पत्त्यावर यायचे होते, म्हणून पुण्याचा वेगळा पुरावा हवा, हे कुणी आपणहून सांगितले नाही. ग्राहक सेवेत वारंवार फोन केल्यावर ते समजले. भाडेकरार पाठवला, तर तो ‘अस्पष्ट’ ठरला. वीजबिल घरमालकांच्या नावावर असल्याने त्याचा उपयोग नव्हता. दर वेळी फोनवर नवी व्यक्ती येई आणि मला पहिल्यापासून सगळे सांगावे लागे. शेवटी माझ्या नावावरच्या गॅस जोडणीचे बिल चालले. ज्यांचे आधार गावाकडच्या पत्त्याचे आहे, त्यांनी असे एखादे बिल स्वच्छ स्कॅन करून ऑर्डर देण्यापूर्वीच तयार ठेवावे.

त्यानंतर वस्तूच्या वर्णनावरून गाडी अडली. दुकानाने बीजकावर केवळ ‘क्रीडासाहित्य’ एवढेच लिहिले होते आणि हे नेमके काय आहे, याचा खुलासा मागितला गेला. मी सीमाशुल्काच्या दरसूचीतले ९५वे प्रकरण काढले. त्यात ९५०७ या शीर्षकाखाली मासेमारीचे सामान येते आणि ९५०७ ३० हा उपक्रमांक मासेमारीच्या रिळांचाच आहे. तो क्रमांक, दुकानाच्या माहितीपत्रकाचे पान, पैसे भरल्याची पावती आणि बँकेच्या विवरणातली तीच रक्कम, असे सगळे एका साध्या पत्राला जोडून पाठवले, आणि इतके दिवस जागचे न हललेले प्रकरण लगेच पुढे सरकले. दुकानदाराला बीजकावर पूर्ण वर्णन आणि हा क्रमांक घालायला सांगितले, तर हा टप्पा बहुधा टळतो. भेटवस्तू म्हणून पाठवायला मात्र चुकूनही सांगू नये. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, आणि खोट्या घोषणेने प्रकरण चिघळते.

शुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून होते, हे मला माहीत होते आणि ते भरायला माझी ना नव्हती. संताप आला तो कुरियर कंपनीच्या देयकातली साठवणुकीची रक्कम पाहून, कारण ज्या दिवसांचे भाडे लावले होते, त्यांतले बहुतेक दिवस त्यांच्याच उत्तराची वाट पाहण्यात गेले होते. मी प्रत्येक ईमेलची तारीख क्रमाने मांडून लेखी हरकत घेतली, सरकारी शुल्क आणि कंपनीचे आकार वेगवेगळे दाखवायला सांगितले आणि बिल ऑफ एंट्रीची (सीमाशुल्काकडे दाखल होणाऱ्या आयातीच्या विवरणपत्राची) प्रत मागितली. साठवणुकीची रक्कम पूर्ण वगळली गेली, याचे मला आजही समाधान आहे. फोनवरच्या आश्वासनांवर विसंबलो असतो, तर ती भरावीच लागली असती. बोलणे झाले की त्याचा सारांश लगेच ईमेलने पाठवायचा, ही सवय इथे कामी आली.

रीळ हाती आल्यावर मी ते नऊ फुटी, पाच वजनाच्या (पाच क्रमांकाच्या लाइनसाठीच्या) रॉडला लावले आणि लाइन भरल्यावर रॉड मुठीच्या पुढच्या टोकाशी एका बोटावर तोलून पाहिला. तो आडवा स्थिर राहिला, म्हणजे रिळाचे वजन योग्य होते. रिळाच्या वजनाचा आकडा खरेदीपूर्वीच दुकानाकडून मिळवावा. बॅकिंग (लाइनच्या मागे स्पूलवर भरायची जादा दोरी) वीस पौंडी घ्यावे आणि लाइनसकट स्पूल काठोकाठ भरू नये, कडेला थोडी जागा सोडावी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. रीळ डाव्या हाताने फिरवणार की उजव्या, हे ऑर्डरमध्येच कळवावे, कारण दुकानाने बॅकिंग उलट्या बाजूने भरून दिले, तर सगळे उलगडून पुन्हा भरावे लागते. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, तेव्हा परदेशी ऑर्डर नोव्हेंबरातच द्यावी. गोदामात महिना गेला, तरी मार्चचा परवाना काढेपर्यंत रीळ घरी आलेले असते.