अर्धमेलं कालव उचला, मेलेलं नव्हे

फेब्रुवारी 2016, टास्मानियातली पाइप क्ले लगून. तिकडचा ऐन उन्हाळा, पाणी 20 अंशांच्या वर. ओहोटीला कालवं वाढवायची बास्केट उचलली आणि हलवली, तर आवाज पोकळ आला. पिल्लांचे शिंपले बहुतेक उघडे पडले होते. शेजारच्या बास्केटमध्ये मात्र मर जेमतेम होती.

मालकाचा अंदाज होता, उन्हाने गेली असावीत. पण उन्हाने मरतात ती आधी वरच्या रांगेतली, आणि इथे खालच्या रांगाही साफ झाल्या होत्या. गोडं पाणी शिरलं असतं किंवा ऑक्सिजन घटला असता तर त्याच खांबांवरचे शिनाणेही मेले असते. ते धडधाकट होते. मर फक्त पॅसिफिक कालवांतच आणि लहानांत सर्वाधिक म्हटल्यावर पहिला संशय ऑस्ट्रेइड हर्पिसव्हायरस-1 या कालवांच्या विषाणूच्या मायक्रोव्हेरियंटचाच, म्हणजे त्याच्या बदललेल्या रूपाचा. 2008मध्ये फ्रान्समध्ये त्याने थैमान घातलं, 2010मध्ये तो सिडनीच्या जॉर्जेस नदीत दिसला आणि 2013मध्ये हॉक्सबरी नदीत. तिथल्या सिडनी रॉक जातीच्या कालवांना त्याने धक्का लावला नाही. माणसालाही तो बाधत नाही.

शेजारच्या बास्केटा वाचलेल्या दिसल्या की अनेकांना विषाणू पटत नाही. खरं तर हे ठिगळाठिगळाने मरणंच या रोगाचं लक्षण. विषाणू पाण्यात सारखा मिसळलेला नसतो, तो बारीक कणांना चिकटून येतो.

नमुने घेताना नेहमी तीच चूक होते: रिकामे, नाहीतर कुजलेले शिंपले गोळा केले जातात. कुजक्या मांसात डीएनए मोडतो आणि निकाल कमकुवत येतो. हवं ते टोचल्यावर सावकाश मिटणारं कालव. अशी 30 वेगळी काढली, शिवाय जवळच्या निरोगी दिसणाऱ्या रांगेतलीही काही. प्रत्येकाचा कल्ल्याचा आणि शिंपल्याला आतून लागून असलेल्या पडद्याचा छोटा तुकडा पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, इथेनॉलमध्ये टाकला. दर कालवाला नवं पातं, नाहीतर एकाचा विषाणू दुसऱ्याच्या नळीत जातो. सूक्ष्मदर्शकासाठी 5 मिमी जाडीचा आडवा काप मांस टिकवणाऱ्या डेव्हिडसन द्रावणात, द्रावण कापाच्या दहापट. जाड काप आतून पक्का होत नाही आणि कुजतो, म्हणजे सगळी मेहनत वाया.

अर्धमेल्यांचे निकाल ठणठणीत पॉझिटिव्ह आले. निरोगी रांगेतल्या काहींतही विषाणू सापडला, पण फार थोडा. ती रांग आज ना उद्या जाणार, हे त्यावरून कळलं.

औषध नाही, लस नाही. मेलेला माल पाण्यात न टाकता जमिनीत पुरायचा. गरम पाण्याच्या दिवसांत आकारानुसार निवडायची चाळण मारायची नाही, हाताळणीच्या ताणाने मर वाढते. एकही बास्केट, दोर किंवा होडी दुसऱ्या खाडीत न्यायची नाही. मोठ्या कालवांच्या रांगा 300 मिमी वर घेतल्या. पाण्याबाहेर जास्त वेळ राहिली की ती कमी पाणी गाळतात, म्हणून कमी विषाणू घेतात. वाढ मंदावते, ती किंमत मोजावी लागते. पिल्लांना या युक्तीचा फारसा उपयोग नाही. त्यांना हॅचरीतच, म्हणजे पिल्लं तयार करतात तिथेच, 48 तास निवळलेलं किंवा 5 मायक्रॉनने गाळलेलं पाणी लागतं. साउथ ऑस्ट्रेलियाने तर 2016मध्ये टास्मानियातून पिल्लं घेणंच बंद केलं, आणि तिथले कालव-शेतकरी बहुतांश याच पिल्लांवर अवलंबून होते.