पट्टी तुटत नाही, सुटते: कोथरूडच्या बीमचं काम

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत पार्किंगच्या वर वाचनालय करायचं ठरलं, पुस्तकांचं वजन म्हणजे काय चेष्टा नाही, म्हणून खालच्या बीमना ताकद द्यायला कार्बन फायबरचं लॅमिनेट, म्हणजे पातळ कडक पट्टी, चिकटवायचं आणि साइट बघायला मी. कमिटीतल्या काकांनी १.२ मिमीची पट्टी हातात धरून विचारलं, "एवढीशी ही, तुटणार नाही ना?" म्हटलं काका, तुटायच्या आधी ती सुटते, भीती त्याची आहे.

होतं असं की बीम वाकला की मधे क्रॅक उघडतो आणि तिथून पट्टी सोलत टोकाकडे जाते, नाहीतर टोकापाशीच सुरुवात होऊन सळईखालचं अख्खं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, पट्टीसकट खाली येतं. आणि हे फाटकन होतं, आधी सूचना जवळजवळ नाहीच. इपॉक्सी, म्हणजे पट्टी चिकटवणारा गोंद, बिचारं सहसा धरून असतं, फाटतो तो त्याच्या लगतचा काँक्रीटचा पातळ थर. म्हणून एसीआय ४४०.२आर या अमेरिकन मार्गदर्शिकेत पट्टीच्या स्ट्रेनवरच, म्हणजे ती किती टक्के ताणली जाते त्यावरच, लिमिट आहे. बीममधून कापून काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्याची (कोअरची) ताकद २० मेगापास्कलच्या आसपास आली, त्यावरून हिशोब केला तर साधारण ०.४ टक्के, आणि पट्टी तुटते १.७ टक्क्यांच्या आसपास! म्हणजे पैसे पूर्ण पट्टीचे आणि वापर पाव. "मग दोन थर लावा की", काका. लावले तर लिमिट ०.२९ वर येतं, ताकद दुप्पट नाही, जेमतेम १.४ पट. काका गप्प.

पावसाळ्यात काँक्रीट ओलं, त्यामुळे दसऱ्यानंतरच हात घातला. आधी खालून जॅक लावून बीमवरचा भार कमी केला, कारण पट्टी लावल्यानंतर जेवढं वजन येईल तेवढ्यातच ती वाटा घेते. मग ग्राइंडिंग, बापरे ती धूळ, सगळ्या गाड्या पांढऱ्या आणि रोज कुणीतरी भांडायला हजर. ठेकेदार म्हणे बास झालं साहेब, दिसतंय की चकाचक. पुल-ऑफ टेस्ट घेतली, म्हणजे डॉली नावाची धातूची चकती पृष्ठभागाला चिकटवून ओढून बघितली, तर ती किमान हव्या असलेल्या १.४ मेगापास्कलच्या आतच सुटली आणि तिच्या तोंडाला जुन्या गिलाव्याची पांढरी साय. परत घासलं, खडी उघडी पडेपर्यंत, व्हॅक्यूम मारला. पुढची डॉली निघताना काँक्रीटचा लचका घेऊनच आली आणि आकडाही वर, तेव्हा कुठे इपॉक्सी कालवायला सांगितलं.

टोकांना यू-रॅप, म्हणजे बीमला तिन्ही बाजूंनी यू आकारात गुंडाळलेले फायबरचे पट्टे, दिले, त्याने कव्हर उचकटण्याला आळा बसतो. इपॉक्सी वाळल्यावर नाण्याने वाजवत फिरलो, एके ठिकाणी बद्द आवाज आला, म्हणजे आत पोकळी, तिथे इपॉक्सीचं इंजेक्शन करून घेतलं. जॅक काढले, वाचनालयाची कपाटं चढली. आता कमिटीला लेखी दिलंय की केबलवाला असो नाहीतर पंखेवाला, या बीमला कुणीही ड्रिल लावायचं नाही.