बंद घर, कॅमेरे आणि राउटरमधली उघडी दारं

गणपतीला आई-बाबा गुहागरला गेले की कोपरखैरण्याचं आमचं रो हाऊस विसर्जनापर्यंत कुलूपबंद असतं. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, त्यामुळे घरावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. फाटकावर, जिन्यात आणि मागच्या बाजूला कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंग हॉलमधल्या डीव्हीआर नावाच्या डब्यात होतं आणि चित्र माझ्या मोबाइलवर येतं. यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला बाबांनी इंटरनेटचं कनेक्शन बदललं आणि ते चित्र बंद झालं.

कॅमेरेवाला आला. त्याने घरातल्या टीव्हीवर आणि बाबांच्या मोबाइलवर चित्र नीट आणून दिलं, मग राउटरमध्ये बराच वेळ काही केलं. जाताना मला फोनवर म्हणाला, "ताई, सगळं ओपन करून दिलंय. आता दिसायलाच पाहिजे." ठाण्यातून तरीही काही दिसेना. पण मला चित्रापेक्षा त्याच्या त्या 'सगळं ओपन'चीच जास्त काळजी वाटली. मी ऐरोलीत नेटवर्क सपोर्टमध्ये काम करते. ऑफिसमध्ये कुणी असं म्हणालं असतं तर आम्ही तिथल्या तिथे कारण विचारलं असतं. शनिवारी मी कोपरखैरण्याला गेले.

अशा वेळी आतून बाहेर जायचं. डीव्हीआरला केबल आहे का, घरच्या वायफायवरून ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) टाकल्यावर लॉगिनचं पान उघडतं का, हे आधी बघायचं. १९२.१६८ ने सुरू होणारा हा पत्ता घरापुरताच असतो, बाहेरच्या जगाला त्याचा उपयोग नाही. पान उघडेना. राउटरच्या यादीत पाहिलं तर आदल्या रात्री लाइट गेली होती आणि परत आल्यावर डीव्हीआरला वेगळाच पत्ता मिळाला होता. त्याचा जुना पत्ता आता बाबांच्या लॅपटॉपकडे होता.

मग राउटरची सेटिंग्ज उघडली. डीएमझेड चालू होतं आणि ते त्या जुन्या पत्त्याकडे वळवलेलं होतं. डीएमझेड म्हणजे बाहेरून न बोलावता येणारी सगळी ये-जा, सगळ्या ६५,५३५ पोर्टांवरची (पोर्ट म्हणजे वेगवेगळ्या सेवांसाठीची क्रमांकित दारं), एकाच यंत्राकडे सोडून देणं. ते यंत्र या घडीला बाबांचा लॅपटॉप होता, ज्यावर ते बँकेचे व्यवहार करतात. मी दुसरं काही बघायच्या आधी डीएमझेड बंद केलं. यूपीएनपीही चालू होतं. त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र कुणाला न विचारता राउटरमध्ये स्वतःसाठी पोर्ट उघडून घेऊ शकतं. तेही बंद केलं. डीव्हीआरचा पत्ता राउटरमध्ये त्याच्या मॅक अॅड्रेसला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या कायमच्या ओळख क्रमांकाला, बांधून दिला, म्हणजे लाइट कितीही वेळा गेली तरी तो बदलणार नाही.

एवढं सगळं उघडं असूनही बाहेरून चित्र का दिसत नव्हतं, ते राउटरच्या पहिल्याच पानावर कळलं. त्याचा बाहेरचा, म्हणजे वॅन पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडतात, म्हणून कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देते. याला सीजीनॅट म्हणतात. अशा कनेक्शनवर तुम्ही तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून आतल्या यंत्राकडे वळवा, बाहेरची विनंती कंपनीच्या यंत्राशीच थांबते. बाबांच्या जुन्या कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता होता, म्हणून तेव्हा चालत होतं. कुणाला हे तपासायचं असेल तर राउटरमधला वॅन पत्ता आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेगळे असतील तर मध्ये आणखी एक भिंत आहे.

इथे दोन गोष्टी मुद्दाम सांगते. बाहेरून दिसतंय का हे घरच्या वायफायवरून तपासू नका. बरेच राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याकडे जाऊ देत नाहीत आणि उत्तर चुकीचं येतं. मोबाइल डेटावरून तपासा. आणि सीजीनॅट असेल तर तो सार्वजनिक पत्ता पोर्ट स्कॅनरला, म्हणजे कुठली पोर्ट उघडी आहेत ते तपासणाऱ्या प्रोग्रामला, देऊ नका. तो तुमच्या एकट्याचा नाही, तुम्ही अनोळखी लोकांची दारं ठोठावत असता.

स्कॅन मी केला, पण घरातल्या घरात आणि फक्त आमच्या डीव्हीआरचा. ८० वर वेब पान, ५५४ वर व्हिडिओ, ८००० वर अॅपसाठीची सेवा, हे अपेक्षित होतं. २३ सुद्धा उघडा होता, म्हणजे टेलनेट, दुरून यंत्राला आज्ञा देण्याची जुनी, असुरक्षित सेवा. हे वाचून मी थांबलेच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने नेमकं हेच दार वापरलं. कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी घेऊन ते इंटरनेटभर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरलं, आणि त्या यंत्रांच्या फौजेकडून २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर, हल्ला झाला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात. घरमालकांना आपलं यंत्र त्यात आहे याचा पत्ताही नव्हता. आमच्या डीव्हीआरचा पासवर्ड बाबांनी बदललेला होता, हे बरं. निर्मात्याच्या साइटवरून मॉडेल नंबर ताडून फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि पुन्हा स्कॅन केल्यावर २३ बंद दिसला. ८००० चा नंबर बदलून काही विचित्र आकडा ठेवा, असा सल्ला खूप जण देतात. त्याने फार काही साधत नाही, स्कॅनर सगळे आकडे तपासतात.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, विसरायचं नाही. तिथे सीजीनॅटची भिंत नसते, घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो. राउटरमधली आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, हे बघितलं. चालू होती.

आता चित्र ठाण्यापर्यंत न्यायचं कसं? कंपनीकडून पैसे भरून स्थिर सार्वजनिक आयपी घेता आला असता, पण त्यावर पुन्हा पोर्ट उघडायची मला इच्छा नव्हती. डीव्हीआरच्या क्यूआर कोडवाली क्लाउड सेवा सोपी आहे आणि ज्यांना घरात जास्त खटपट नको त्यांनी ती खुशाल वापरावी. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जोडणी करतो, पोर्ट उघडावा लागत नाही. पण मग सगळं निर्मात्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहतं. मी घरी पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टेलस्केल टाकलं, आपल्याच यंत्रांमध्ये खासगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर. ते वायरगार्ड या सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीच्या पद्धतीवर चालतं आणि दोन्हीकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्याच वापरतं, म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. रास्पबेरी पायला सबनेट राउटर केलं, म्हणजे त्याच्यामार्फत घरातल्या इतर यंत्रांपर्यंत पोचता येतं, परवानगी फक्त डीव्हीआरच्या एका पत्त्याची दिली आणि खात्याला दुसऱ्या टप्प्याचं लॉगिन लावलं. मोबाइल डेटावर अॅप उघडलं आणि फाटक दिसलं.

डीव्हीआरला थेट इंटरनेटची गरजच उरली नाही, म्हणून त्याचा गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याची सेटिंग, काढून टाकला. त्याची किंमत म्हणजे हालचाल दिसल्याची सूचना आता येत नाही, आणि घड्याळ आपोआप जुळत नाही. घड्याळाचा प्रश्न मी लगेच सोडवला, कारण पोलिसांना फूटेज द्यायची वेळ आली तर वेळ चुकीची असून चालत नाही. रास्पबेरी पायलाच घरातला वेळ देणारा सर्व्हर केला. सूचनेशिवाय आमचं चालतं.

बाबांना हे सगळं दाखवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "आपल्या ओळीत सगळ्यांकडे याच माणसाने बसवलंय. त्यांचं काय?" आम्ही शेजारच्या काकांकडे गेलो, त्यांच्या परवानगीने राउटर उघडला. तिथेही डीएमझेड, आणि त्यांच्या कनेक्शनला खरा सार्वजनिक पत्ता. माझ्या मोबाइल डेटावरून त्यांच्या डीव्हीआरचं लॉगिनचं पान सरळ उघडलं. डीव्हीआरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, अनोळखी पत्त्यांवरून फसलेले लॉगिन रांगेने होते, यशस्वी फक्त काकांचे. डीएमझेड आणि यूपीएनपी बंद केलं, पासवर्ड बदलला, फर्मवेअर टाकलं आणि काकांना क्यूआरवाली सेवा लावून दिली. मग मोबाइल डेटावरून तेच पान पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. त्याच संध्याकाळी मी कॅमेरेवाल्याला फोन करून ओळीतल्या बाकीच्या घरांची यादी मागितली. त्याने ती दिली, आणि पुढच्या रविवारी तो स्वतः सोबत आला.