तांबडी सुर्लाचा महादेव
आज वाड्यावरची सगळी मंडळी बस करून आपल्या गोव्यातल्या तांबडी सुर्लाला, बसमधे मागं म्हाताऱ्यांची भजनं नि पुढं पोरांचा स्पीकर एकदमच चालू, कान किटले नुसते. पण देऊळ काय आहे राव! कदंब राजांच्या काळातलं, १२-१३ व्या शतकातलं, आपल्याकडे जिथं तिथं जांभा आणि हा सगळा काळा बेसाल्ट म्हणे घाटावरनं आणलेला, कसा आणला असेल तो महादेवच जाणे. एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय, काकू तिथंच वाकून बघत बसली, दर्शनाची लाईन पुढं सरकली तरी हलेना. नंदीला डोकंच नाही, त्याच्यावर रेलून सेल्फी काढणाऱ्यांना पण नसावं. नंतर नदीत पाय सोडले, पाणी थंडगार. येताना मोले गावात पातळभाजी-पाव, दोन दोन प्लेटी.