ओर्शी ते रूबे: पॅरिस-रूबेच्या दगडी रस्त्यांवरून एक दिवस

फ्रान्सच्या उत्तरेला, लील शहराच्या दक्षिणेचा पेव्हेल हा मुलूख तळहातासारखा सपाट आहे. घाट चढायची सवय असलेला माणूस नकाशावर चढण शोधतो, ती सापडत नाही, आणि साठ किलोमीटर म्हणजे अडीच तास असा हिशेब मांडून मोकळा होतो. हा हिशेब चुकतो. ओर्शी ते रूबे हा पॅरिस-रूबे या सायकल शर्यतीच्या मार्गाचा शेवटचा भाग; या साधारण ६० किलोमीटरमध्ये १३ दगडी टप्पे आहेत आणि त्यांची लांबी मिळून १९ किलोमीटरच्या वर जाते. पहिल्यांदा जाणाऱ्याने थांबे धरून पाच तास हाताशी ठेवावेत.

या दगडी रस्त्याला तिथे ‘पावे’ म्हणतात. मुळात या पाणंदीच. बीट, बटाटा आणि चिकोरी शेतातून बाहेर काढता यावी म्हणून चिखलावर दगड बसवलेले. (आपल्या फिल्टर कॉफीत जी चिकोरी पडते, तिच्यासाठी ओर्शी गाव फ्रान्सभर ओळखले जाते.) घडीव ठोकळे वाळूच्या थरावर नुसते रचलेले असतात, सिमेंट नसते. पावसाने सांध्यांतली वाळू वाहून जाते, ट्रॅक्टरच्या चाकांखाली दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पडतात, आणि मधली पाठ तेवढी उंच राहते. हे चित्र डोक्यात पक्के ठेवा. सायकल कुठून न्यायची याचे उत्तर त्यातच आहे.

पॅरिस-रूबे शर्यत १८९६ साली सुरू झाली. गावोगावी डांबर पडू लागले तसे पावे आटत गेले. मग १९६८ मध्ये जाँ स्ताब्लिन्स्की या माजी विश्वविजेत्याने आरेंबेरच्या जंगलातला रस्ता आयोजकांना सुचवला. तरुणपणी तो त्याच जंगलाखालच्या कोळसा खाणीत कामाला होता. आज या रस्त्यांची देखभाल ‘लेझ आमी द पारी-रूबे’ ही स्वयंसेवकांची संस्था करते आणि रेमच्या उद्यानविद्या शाळेतले विद्यार्थी दगड नव्याने बसवायला मदत करतात. सुटा दगड आठवण म्हणून उचलून आणणे ही तिथे चोरीच आहे, आणि त्याने पडणारा खड्डा मागून येणाऱ्या सायकलस्वाराला पाडतो.

आता टायर, कारण निम्मी लढाई तिथेच ठरते. किमान ३० मिमी, शक्य तर ३२ मिमी रुंद टायर हवा. ट्यूबलेस असेल तर ७० किलो वजनाच्या माणसाने पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात करावी. दर दहा किलो वजनामागे चार-पाच पीएसआय वाढवावे. आत ट्यूब असेल तर आणखी सात-आठ पीएसआय लागतात. नाहीतर दगडाच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. रिमवर ‘ठक्क’ असा कोरडा आवाज आला की हवा कमी आहे. आवाज नाही, पण हात झिणझिणतात आणि सायकल उड्या मारते, म्हणजे हवा जास्त आहे. पहिल्या टप्प्यानंतर थांबून फरक करा. ‘डांबरावर जड जाईल’ या भीतीने ८० पीएसआय भरून येणारे पुष्कळ असतात आणि दुसऱ्या टप्प्यानंतर तेच रस्त्याकडेला हवा सोडताना दिसतात.

यानंतर जे जे सैल होऊ शकते ते सैल होणार असे धरून चाला. बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूंना थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावा. पिंजरा धातूचा असेल तर हाताने थोडा आत वाकवा, कार्बनचा असेल तर आतून जुन्या ट्यूबची पट्टी लावा. तरीही टप्पा सुरू होण्याआधी बाटली पूर्ण खाली दाबायची सवय हवी, कारण पावेच्या पहिल्या शंभर मीटरमध्ये दगडांत पडलेल्या बाटल्या हमखास दिसतात. सीटखालची पिशवी नुसत्या वेल्क्रोवर सोडू नका, वरून पट्टा आवळा. मागचा दिवा आणि मोबाइल चेन असलेल्या खिशात ठेवा. सायकल कॉम्प्युटरला दोरी बांधा. हॅन्डलबारवर टेपचे दोन थर द्या. हातमोज्यांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण जाड मुठीला घट्ट धरावे लागत नाही आणि तळव्याला फोड येत नाहीत. अंगठी आणि घड्याळ हॉटेलवरच ठेवा. दोन ट्यूब, टायरच्या आतून लावायचा तुकडा, चेनचा जोड आणि हातपंप बरोबर असू द्या. फक्त गॅसच्या कार्ट्रिजवर विसंबू नका. दोन पंक्चर झाली की त्या संपतात.

भाड्याची सायकल घेणार असाल तर आधी ब्रेक तपासा. तिथे बहुधा डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या. ओल्या दगडावर चुकून पुढचा दाबला गेला की सावरायला वेळ मिळत नाही. वाहतूक उजवीकडून. शिवाय गावांत खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, तो गल्लीबोळातून आला तरी.

लील-फ्लांद्र स्थानकावरून व्हालांसिएनच्या बाजूला जाणारी स्थानिक टीईआर गाडी ओर्शीला थांबते. या गाड्यांत सायकल तशीच चढवता येते. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान गाडीने येताना मात्र ती सुटी करून पिशवीत बांधून आणणे सोयीचे. दक्षिणेकडून उत्तरेकडेच जा: शर्यतही तशीच जाते, आणि इथला वारा बहुधा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असल्याने तो पाठीवर मिळतो. सपाट उघड्या शेतांत समोरचा वारा घाटापेक्षा वाईट. मार्ग आधीच उपकरणात उतरवून घ्या. गावागावांतून रस्ता इतक्यांदा वळतो की पाट्यांच्या भरवशावर निम्मा दिवस जाईल.

टप्प्यांचे क्रमांक उलटे चालतात, रूबेमधला शेवटचा तो पहिला. ओर्शीचा तेरावा, १७०० मीटर, हात बसवायला चांगला. लगेच पुढे ओशी ते बेर्से, २७०० मीटर, आणि मग मों-आं-पेव्हेल, पूर्ण ३००० मीटर, अवघडपणाचे पाचपैकी पाच तारे. (याच परिसरात १३०४ साली फ्रान्सचा राजा आणि फ्लँडर्सचे सैन्य यांची लढाई झाली.) इथली काटकोनी वळणे चिखलाची असतात. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल शक्य तितकी उभी, आणि वळताना पेडल मारायचे नाही.

चालवण्याची रीत सगळ्या टप्प्यांवर एकच. वेग डांबरावर असतानाच मिळवायचा आणि तो घेऊन आत शिरायचे. हळू गेलात तर पुढचे चाक प्रत्येक फटीत उतरते. ताशी २५ च्या वर ते दगडांच्या माथ्यावरून निघते. पुढची मोठी चकती, नेहमीपेक्षा एक-दोन दात जड गिअर, मिनिटाला ७५ च्या आसपास पेडल. यामुळे चेनही ताणलेली राहते आणि उडून पडत नाही. हात हॅन्डलबारच्या वरच्या आडव्या भागावर, कोपर सैल. सायकल पायांखाली डोलेल, डोलू द्या. घट्ट धराल तर प्रत्येक धक्का खांद्यात जाईल. नजर पंधरा-वीस मीटर पुढे, आणि चाक मधल्या पाठीवर. कडेची मातीची पट्टी मऊ दिसते, मोह होतोच. पण गारगोटीचे धारदार तुकडे तिथेच जमतात. शिवाय त्या पट्टीवरून परत पाठीवर चढताना दगडाची कड चाकाला समांतर सापडते, आणि माणसे बहुतेक तिथेच पडतात. समोरून ट्रॅक्टर आला तर थांबून उतरा. रस्ता त्याचा आहे.

पुढचे टप्पे लहान: मेरिन्यी ७००, पों-तिबो १४००, तांप्लव्हजवळचे दोन मिळून ७००, सिझ्वँ १३००, बूर्गेल ११००. खाणे इथेच उरका, पण डांबरावर; पावेवर हात सुटत नाही. रविवारी दुपारनंतर गावातली बेकरी उघडी मिळेल असे धरू नका.

शेवटची खरी परीक्षा कांफँ, १८०० मीटर, आणि तिला जवळजवळ लागूनच कार्फूर द लार्ब्र, २१०० मीटर. दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायला थोडेच अंतर आहे, म्हणून कांफँवर पूर्ण जोर लावू नका. लार्ब्रमध्ये आधी वळणे, मग विस्कटलेल्या दगडांची उघडी वाट, आणि शेवटी एकटे उभे असलेले उपाहारगृह दिसते. ते दिसले तरी पेडल सोडू नका, शेवटचे दगडही वाईटच आहेत. पुढचे ग्रूसों आणि विलेम-एम सोपे जातात. रूबेमधला ३०० मीटरचा शार्ल क्रुपेलां टप्पा तर गुळगुळीत आहे, तिथे सावकाश जाऊन विजेत्यांच्या नावांचे दगड वाचावेत.

आरेंबेर या मार्गात येत नाही, आणि ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे हेच बरे. व्हालांसिएनहून ते सायकलीने जवळ आहे. साधारण २३०० मीटर, सरळ, सुरुवातीला किंचित उतार. झाडांच्या सावलीत दगड नीट वाळतच नाहीत, शेवाळ धरते, आणि उताराच्या वेगात चाक सरकते. १९९८ मध्ये योहान म्युझेव्ह या बेल्जियन विजेत्याच्या गुडघ्याची वाटी इथेच फुटली. पाऊस झाला असेल तर बाजूच्या पायवाटेने जाण्यात काहीही कमीपणा नाही. प्रवेशापाशी स्ताब्लिन्स्कीचे स्मारक आणि खाणीचे मनोरे आहेत. खाणपट्टा २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

कधी जावे? शर्यत एप्रिलच्या दुसऱ्या रविवारच्या आसपास असते आणि आदल्या दिवशी हौशी सायकलस्वारांसाठी त्याच टप्प्यांवर मोठी फेरी निघते. गर्दी नको असेल तर मे-जून उत्तम. ऑक्टोबरनंतर बीटची काढणी सुरू होते आणि डांबरावरही चिखलाचा थर बसतो. सरावासाठी आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक निरुपयोगी, फार सपाट. मुरमाच्या पाणंदीवर, सीटवरून न उठता, वीस-वीस मिनिटे जड गिअरवर चालवणे जास्त जवळचे.

रूबेच्या उघड्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या मैदानावर, फाटक उघडे मिळाले तर काँक्रीटच्या ट्रॅकवर फेरी मारा, पण आधी टायर पाहा. कमी हवेवर तिरप्या वळणात सायकल लडबडते. लीलला परतायचे बारा-एक किलोमीटर डांबराचे आहेत, तेव्हा हवा तिथेच भरून घ्या. सायकल पिशवीत बांधण्यापूर्वी चाके फिरवून रिमला पोचा पडला आहे का, स्पोक सैल झालेत का आणि हेडसेट (हॅन्डल फिरतो तिथले बेअरिंग) खुळखुळतो का, हे बघून घ्या.